जात्यावरचा हिरवा चहा

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरितादेवीचे गाव. या गावात आमच्या घराण्याचे किराणा दुकान तीन पिढ्यांपासून चालू आहे. आमच्याकडे चहा म्हणजे पोत्यातून काट्यावर येणारी दाणेदार काळी पत्ती. ती पाण्यात उकळायची, दूध-साखर घालायची, फार तर वेलदोडा किंवा चिमूटभर सुंठ टाकायची, एवढीच त्याची रीत. गेल्या उन्हाळ्यात पुण्याला शिकणारा माझा पुतण्या सुटीवर आला, तेव्हा त्याने गादीवर एक लहानशी डबी ठेवली. वजन तीस ग्रॅम. किंमत वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. तेवढ्या पैशांत आमच्या दुकानात दोन किलोहून अधिक उत्तम पत्ती येते.

डबी उघडली तर आत गर्द हिरवी पूड. आईने ती बोटांच्या चिमटीत घेऊन चोळून पाहिली आणि म्हणाली, "मेंदी आहे का रे? अगदी वस्त्रगाळ केलेली दिसते."

"दादीजी, हा जपानी चहा आहे. माचा म्हणतात. पुण्यात याची फार चलती आहे," पुतण्या म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "काकाजी, आपणही हा विकायला ठेवू या."

ज्या मालाची आपल्याला पारख नाही तो माल फळीवर ठेवायचा नाही, हा आमच्या वडिलांचा दंडक होता. म्हणून आधी हा चहा काय आहे, तो कसा तयार होतो आणि एवढा महाग का, याचा शोध घ्यायचे ठरवले. त्या शोधातून जे हाती आले, ते समाजबांधवांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडत आहे.

सावलीत वाढलेले पान

जपानी भाषेत 'मा' म्हणजे दळून पूड केलेला आणि 'चा' म्हणजे चहा. आपल्या खेड्यांत आजही कुणी 'च्या' म्हणतो, त्या शब्दाचे आणि जपानी 'चा'चे मूळ एकच, ते म्हणजे चीन. वनस्पतीही तीच. आसामचा काळा चहा आणि जपानचा हिरवा चहा ही एकाच जातीच्या झुडपाची अपत्ये आहेत. वाण वेगळे, आणि त्याहून वेगळी म्हणजे पान खुडण्यापूर्वीची व खुडल्यानंतरची निगा.

माचाची खरी सुरुवात सावलीपासून होते. वसंतात कोवळी पालवी फुटू लागली की चहाच्या मळ्यावर मांडव घालतात. पूर्वी बोरूच्या काड्यांचे पडदे अंथरून त्यांवर भाताचा पेंढा पसरत असत. आज बहुतेक ठिकाणी काळे जाळीदार कापड वापरतात. पहिल्यांदा थोडी सावली करायची, मग ती वाढवत न्यायची आणि शेवटच्या दिवसांत जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकाच प्रकाश पानांपर्यंत पोहोचू द्यायचा. हे सुमारे तीन ते चार आठवडे चालते. आपल्याकडे ज्यांनी पानमळा पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. शेवरी-शेवग्याच्या सावलीत वाढलेले विड्याचे पान कोवळे आणि पातळ राहते, हे आपल्या माळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

सावलीने पानात काय घडते? चहाच्या झाडाच्या मुळांत थिअॅनिन नावाचे एक द्रव्य तयार होते आणि ते पानांत चढते. ऊन मिळाले की पान त्याचे रूपांतर तुरट द्रव्यांत करते. ऊन अडवले की हे रूपांतर मंदावते, म्हणून पानाची चव तुरट न होता मधुर आणि भरीव राहते. शिवाय अपुरा प्रकाश पकडण्यासाठी पान स्वतःतले हरितद्रव्य वाढवते, त्यामुळे त्याचा रंग गडद होतो. हे थिअॅनिन १९४९ साली जपानमध्येच, सावलीत वाढवलेल्या अशाच एका चहाच्या पानांतून शोधण्यात आले. डबीत दिसणारा तो झळझळीत हिरवा रंग म्हणजे त्या सावलीची खूण होय.

तोडणीचा हंगाम मे महिन्याच्या प्रारंभी, म्हणजे आपल्या अक्षय तृतीयेच्या आसपास येतो. जपानी पंचांगात वसंतारंभापासूनचा अठ्ठ्याऐंशीवा दिवस त्यासाठी शुभ मानला जातो. उत्तम मळ्यांत ही तोडणी आजही हातांनी होते आणि वर्षातून एकदाच होते.

वाफ, भट्टी आणि जाते

आपल्या काळ्या चहाचे पान यंत्रात चिरडून हवेत ठेवतात. हवेशी संयोग झाला की ते तांबूस आणि मग काळे पडते. माचासाठी नेमके उलट करायचे असते. खुडलेली पाने त्याच दिवशी पंधरा-वीस सेकंद वाफेवर धरतात, त्यामुळे पान काळे पडण्याची क्रिया जागीच थांबते आणि हिरवेपणा टिकतो. मग उंच जाळ्यांत वारा सोडून ती ओली पाने उडवतात, म्हणजे ती एकमेकांस चिकटत नाहीत. पुढे विटांनी बांधलेल्या लांबट भट्टीतून, फिरत्या पट्ट्यावरून नेऊन ती वाळवतात. येथे पान वळत नाहीत, ही ध्यानात ठेवण्याची गोष्ट आहे. इतर जपानी हिरवे चहा वळून सुईसारखे केले जातात, माचाचे पान मात्र सपाट राहते. वाळल्यावर त्याचे तुकडे करून देठ आणि शिरा वेगळ्या काढतात. उरतो तो पानाचा निव्वळ गर. त्याला 'तेंचा' म्हणतात आणि तोच दळला जातो. ताज्या पानात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते. त्यात देठ-शिराही गेल्या, म्हणजे टोपलीभर पानांतून किती थोडा माल उरत असेल याचा अंदाज व्यापाऱ्याला सहज येईल.

जुन्या परंपरेत हा तेंचा मातीच्या बरणीत बंद करून ठेवत. मे महिन्यात भरलेली बरणी नोव्हेंबरात समारंभपूर्वक उघडत. मधल्या महिन्यांत चहाचा कच्चा दर्प जातो आणि चव मुरते.

आणि मग जाते. होय, आपलेच जाते. कठीण ग्रॅनाइट दगडाच्या दोन तळ्या, वरच्या तळीच्या मध्यातून घातलेला माल, आणि कडेने सांडणारी पूड. फरक इतकाच की ते अतिशय सावकाश फिरवावे लागते. वेग वाढला की दगड तापतो आणि दगड तापला की रंग व सुवास दोन्ही जातात. म्हणून असे एक जाते तासाभरात साधारण चाळीस ग्रॅमच पूड देते. पूर्वी ते हाताने ओढत, आता बहुधा विजेवर चालते, पण गती तीच ठेवतात. पुतण्याने आणलेल्या तीस ग्रॅमच्या डबीसाठी जाते पाऊण तास फिरले असणार. जवळजवळ एक सामायिक पूर्ण होण्याइतका हा वेळ आहे.

हे आईला सांगितले तेव्हा तिला त्यात काहीच नवे वाटले नाही. "गिरणीचं पीठ हाताला गरम लागतं, जात्यावरचं थंड असतं. चवीतला फरक तिथेच असतो," ती म्हणाली. आमच्या अंगणातले जाते आता लग्नाच्या हळदीपुरते उरले आहे, पण तिच्या हातांना त्याची आठवण आहे.

मठातून व्यापाऱ्यांच्या घरी

पूड करून, गरम पाण्यात घुसळून चहा पिण्याची ही पद्धत मुळात चीनमधील सोंग राजवटीच्या काळातली. एइसाई नावाचे बौद्ध भिक्षू ११९१ मध्ये चीनहून जपानला परतले, तेव्हा त्यांनी चहाचे बी सोबत आणले असे मानले जाते. दीर्घकाळ ध्यानाला बसणाऱ्या भिक्षूंना जागृत ठेवणारे पेय म्हणून तो मठांत रुजला. एइसाई यांनी १२११ मध्ये चहाच्या गुणांवर एक ग्रंथही लिहिला. पुढे क्योतो नगराजवळचे उजी हे गाव चहासाठी प्रसिद्धीस आले. आज उजीखेरीज आइची प्रांतातले निशिओ आणि दक्षिणेकडचा कागोशिमा प्रांत ही माचाची मोठी ठिकाणे आहेत. खुद्द चीनमध्ये मात्र १३९१ साली मिंग सम्राटाने वड्यांच्या चहाचा राजकर बंद केला, सुट्या पानांचा चहा रूढ झाला आणि घुसळण्याची रीत मागे पडली. जे मूळ घरी विसरले गेले, ते शेजारच्या घरी जपले गेले.

आपल्या वाचकांना विशेष वाटावी अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मठातला हा चहा समाजात आणून त्याला शिस्त देण्यात व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता. जपानी चहाविधीचे सर्वांत थोर आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) हे साकाई या बंदरातील व्यापारी घराण्यात जन्मले. त्यांचे गुरू ताकेनो जोओ हेही साकाईचेच धनिक व्यापारी. सोन्यारुप्याच्या भांड्यांचा डौल बाजूला सारून रिक्यूंनी लहानशी झोपडीवजा खोली, साधी मातीची वाटी आणि बांबूचा चमचा यांना मान दिला. त्या खोलीचे दार इतके ठेंगणे असे की आत जाताना प्रत्येकाला वाकावेच लागे. सामरस्य, आदर, शुचिता आणि शांती ही चार तत्त्वे या परंपरेत आजही सांगितली जातात. संपत्ती हाताळणाऱ्या माणसांनी साधेपणाचा असा आग्रह धरावा, हे अपरिग्रहाचा विचार ऐकत वाढलेल्या आपणांस परके वाटू नये.

आपल्या घरी करून पाहताना

माचा उकळायचा नसतो आणि गाळायचाही नसतो. पान पाण्यात टाकून काढून घेणे येथे नाही, सबंध पानच पूड होऊन पोटात जाते. करण्याची रीत अशी:

पाणी चांगले उकळून घ्यावे आणि मग थोडे निवू द्यावे. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात दोनदा ओतले की ते सत्तर ते ऐंशी अंशांपर्यंत येते. उकळते पाणी थेट ओतल्यास चहा कडू होतो. ज्या घरांत पाणी उकाळून, निववून पिण्याचा नियम आहे, तेथे ही सवय नव्याने लावावी लागणार नाही.

रुंद तोंडाची वाटी गरम पाण्याने विसळून कोरडी करावी. त्यात बारीक गाळणीतून सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर पूड चाळावी. न चाळल्यास गुठळ्या राहतात. त्यावर साठ-सत्तर मिलिलिटर पाणी घालून घुसळावे. जपानमध्ये यासाठी बांबूच्या एकाच तुकड्याला बारीक चिरून केलेली नाजूक रवी असते. नारा प्रांतातले ताकायामा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपली रवी दोन तळव्यांत फिरते, ही मात्र मनगटाने पुढे-मागे भराभर हलवायची असते. वीस सेकंदांत वर बारीक फेस येतो. अशी रवी नसेल तर झाकणाच्या बरणीत पूड व कोमट पाणी घालून हलवले तरी चालते. तयार झाल्यावर लगेच प्यावा, नाहीतर पूड तळाशी बसते.

या चहात साखर घालत नाहीत. आधी काहीतरी गोड खायचे आणि मग चहा प्यायचा, अशी रीत आहे. जपानी मिठाई बहुधा चवळी-मुगाच्या जातकुळीतल्या लाल कडधान्याच्या पुरणाची असते. परदेशी मिठाई घेणार असाल तर सावध असावे. काहींत अंडे असते, काहींत जिलेटिन असते आणि वाफवलेल्या काही प्रकारांच्या पिठात कंदही मळलेला असतो. जपानच्या प्रवासात चहाविधीबरोबर जेवण असेल तर त्यातील साध्या दिसणाऱ्या रश्शातही बहुधा मासळीचा अर्क असतो, हे आधी विचारून घ्यावे. घरी मुगाचा लाडू किंवा खोबऱ्याची वडी उत्तम जुळते.

नियमांविषयी दोन शब्द. चौविहार करणाऱ्यांनी तो दिवसाच घ्यावा हे उघड आहे. तिविहार उपवासात केवळ उकाळलेले पाणी चालते, तेथे याला जागा नाही. तिथीला हिरवे न खाण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांनी वाळवून दळलेल्या या पानाबद्दल साधू-साध्वीजींना विचारूनच निर्णय घ्यावा.

प्रकृतीचा हिशेब

या पुडीवर चमत्काराचे शिक्के मारणाऱ्या जाहिराती पुष्कळ दिसतात. त्यांच्या नादी लागू नये. हे पेय आहे, औषध नव्हे. दोन ग्रॅम माचात साधारण साठ-पासष्ट मिलिग्रॅम कॅफिन असते, म्हणजे एका वाटीत आपल्या कपभर चहाइतके किंवा त्याहून थोडे अधिक. दिवसाला एक-दोन वाट्या पुरेत, आणि झोपेची तक्रार असणाऱ्यांनी दुपारनंतर टाळावा. गर्भवती भगिनींनी दिवसभरातले सर्व कॅफिन मिळून दोनशे मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, असा सल्ला सामान्यतः दिला जातो.

शाकाहारी घरांसाठी याहून महत्त्वाची बाब लोहाची आहे. धान्य, डाळी व भाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास चहातील तुरट द्रव्ये अडथळा करतात. आपल्या घरांतील मुली व स्त्रियांत रक्त कमी असण्याची तक्रार वारंवार ऐकू येते. म्हणून कोणताही चहा, काळा असो वा हिरवा, जेवणाबरोबर न घेता तासाभराच्या अंतराने घ्यावा. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय माचा सुरू करू नये, कारण या पानात क जीवनसत्त्वाखेरीज 'के' जीवनसत्त्वही भरपूर असते आणि त्याचा त्या गोळीच्या परिणामाशी संबंध येतो.

डबीवरचे नाव आणि आतला माल

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. पुतण्याच्या सांगण्यावरून आम्ही दोन नमुने मागवले. पहिले पाकीट फार आकर्षक होते, पण मागील बाजूची बारीक अक्षरे वाचली तर घटकांत पहिले नाव साखरेचे, दुसरे दूध पावडरचे आणि चहाचे नाव त्यानंतर. दुसरा नमुना एका घाऊक विक्रेत्याने 'अस्सल माचा' म्हणून पाठवला. भाव डबीच्या दशांशाहूनही कमी. आम्ही तो डबीतील पुडीशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवला. डबीतली पूड पोपटी-हिरवी, ही पिवळट करडी. ती बोटाला मऊ लागे, ही खरखरीत. पाण्यात घुसळली तर हिच्यावर फेस टिकेना आणि गाळ लगेच तळाला बसला. चव तुरट. आतला माल खोटा नव्हता, तो हिरवा चहाच होता. पण तो उन्हात वाढलेल्या साध्या पानांचा होता आणि यंत्रात भराभर दळलेला होता. त्याला माचा म्हणणे हेच तेवढे खोटे होते.

खरेदी करणाऱ्यांनी म्हणून काही गोष्टी पाहाव्यात. घटकांत चहाखेरीज काही नसावे. शाकाहारी चिन्ह, उत्पादनाचा देश व तारीख स्पष्ट असावी. डबी हवाबंद व प्रकाश न शिरणारी असावी, कारण ऊन-वारा लागला की रंग व सुवास लवकर उतरतो. उघडल्यावर ती शीतपेटीत ठेवून महिना-दीड महिन्यात संपवावी, मात्र बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये, नाहीतर आत दव धरते. 'समारंभी दर्जा' असे जे शब्द डब्यांवर असतात, त्यांना जपानी कायद्यात काही व्याख्या नाही. ती विक्रेत्यांची भाषा आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२२ मध्ये माचाची व्याख्या व वैशिष्ट्ये सांगणारा एक तांत्रिक अहवाल काढला, तरी बाजारातल्या नावावर त्याने लगाम बसलेला नाही. २०२४ च्या शरदापासून जगभर मागणी इतकी वाढली की क्योतोतील काही जुन्या चहागृहांना गिऱ्हाइकांस ठरावीक डब्याच द्याव्या लागल्या आणि पुढील वर्षी लिलावाचे भावही खूप चढले. माल थोडा आणि मागणी फार असली की नकली माल येणारच, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

पुतण्या म्हणाला, "काकाजी, गिऱ्हाइकाला कुठे फरक कळतो? पुण्यात सगळेच असे विकतात."

मी त्याला रागावलो नाही. वयच तसे आहे. त्याला जवळ बसवून श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार आठवून पाहायला सांगितले. लहानपणी पाठशाळेत त्याने ते म्हटलेले होते. खोटे वजन-माप त्याला लगेच आठवले. त्यापुढचा शब्द मी सांगितला, 'प्रतिरूपक व्यवहार'. अस्सलासारखा दिसणारा माल अस्सल म्हणून विकणे, किंवा उंची मालात हलका माल मिसळणे. तराजूची दांडी सरळ ठेवूनही चोरी होऊ शकते, हे ज्यांनी ओळखले आणि त्या दोषाला स्वतंत्र नाव दिले, त्या पूर्वजांना बाजाराची किती खोल जाण असेल! गिऱ्हाइकाला कळत नाही, म्हणूनच तर तो आपल्याकडे येतो. जे त्याला कळत नाही ते आपण जाणावे, यासाठीच तो आपल्याला नफा देतो.

पुतण्या बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने स्वतःच एक तोड काढली. घाऊक विक्रेत्याकडची पूड वाईट नव्हती, ताकात किंवा लिंबाच्या पाण्यात ती बरी लागत होती. तिच्या पाकिटांवर त्याने स्वतःच्या अक्षरात 'हिरव्या चहाची पूड' असे लिहिले आणि तिला शोभेल असा भाव लावला. अस्सल माचा दुकानात ठेवायचा नाही, कोणी मागितला तर नोंद घेऊन खात्रीच्या ठिकाणाहून मागवून द्यायचा, असे ठरले. चार महिन्यांत अशा तीन डब्या मागवल्या गेल्या. त्यांपैकी एक आमच्याच घरी.

आता रोज दुपारी सामायिक झाले की आई वाटी घेऊन बसते. पहिल्या दिवशी तिने तोंड वाकडे केले होते. आता नातवाने आणून दिलेली बांबूची रवी ती कोणाला हात लावू देत नाही, आणि फेस नीट आला नाही तर पाणी फार गरम होते की पूड चाळली नव्हती, हे ती बरोबर सांगते.